दाढी मीच काढली

प्रिय काडी,

हो, दाढी मीच काढली. तुझ्या बापाची. मला कुणी विचारलं नाही, पण सगळे त्यावरच बोलत बसलेत म्हणून सांगून टाकतो. डॉक्टरांनी काढली नाही, सिस्टरनी काढली नाही, कुणी हातपाय धरले नव्हते. कात्री माझी, वस्तरा माझा, साबण पण माझाच. तुझ्या त्या लोकांना म्हणावं, आता गप्प बसा.

फोनच केला असता. पण फोन उचलला की तू 'काका, आधी प्रार्थना करू' म्हणतोस, आणि मग माणसाला मधे बोलायला जागा राहत नाही. तू देवाशी बोलत असताना तुला थांबवायचं कसं? आमेन होईपर्यंत मी काय सांगणार होतो ते विसरतो. म्हणून लिहितोय. अक्षर वाईट आहे, माहीत आहे. शाळेने मला लवकर सोडलं की मी शाळेला, ते आता कुणाला आठवत नाही. लागेल तेवढं वाच.

काल तुझा माणूस दुकानात आला होता. रविवारी हॉलमध्ये तुझ्या बापाची स्मरणसभा आहे म्हणे. सगळ्यांनी यायचं, तोंड झाकायचं नाही, पोटभर गायचं. मी पहिल्या रांगेत बसायचं, तुझ्या आईच्या शेजारी, आणि दोन शब्द बोलायचे. वर हे पण म्हणाला, की तू उपदेशात सांगणार आहेस, हॉस्पिटलने तुझ्या बापाचा नवस जबरदस्तीने मोडला, तरी तो शेवटपर्यंत वाकला नाही. सांगताना रडत होता बिचारा. मी त्याला बसा पण म्हटलं नाही. एक गिऱ्हाईक खुर्चीत होतं, अर्धी मिशी झालेली.

दोन शब्द मला येत नाहीत. आले तर सगळेच येतील, म्हणून इथेच लिहितो.

नवसाचं तुला तुझ्या बापाने सांगितलंय, पण त्याच्या तऱ्हेने सांगितलंय. मी तिथे होतो. तू जन्मलास तो नुसता काडी. नाव ठेवायच्या आधीच आम्ही तुला काडी म्हणायला लागलो होतो. श्वास घेताना तुझ्या फासळ्या आत जायच्या. डॉक्टर म्हणाला, आशा धरू नका. तेव्हा तुझा बाप दुकानात आला आणि खुर्चीत बसला. रोज सकाळी मीच त्याची दाढी करायचो, फुकट. मी साबण लावला, तर म्हणाला, दादा, पूस. पोरगं वाचलं तर याला पुन्हा वस्तरा लावणार नाही. प्रभूला तसं बोललोय. मी म्हटलं, प्रभूला तुझ्या दाढीचं काय करायचंय? हसला नाही. मी साबण पुसला. तू वाचलास. दाढी छातीपर्यंत आली. तेव्हापासून धाकट्याची हनुवटी मी पाहिली नव्हती.

पुढे त्याने टायरच्या गोडाऊनवर तो हॉल घेतला, लोक जमले, आणि गंमत बघ, त्याच्या सभेतला एकेक बाप्या दाढी ठेवायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरने ठेवली, गिटारवाल्याने ठेवली. त्या गिटारवाल्याला तर नीट उगवत पण नव्हती, बकरीसारखी दिसायची. मी धाकट्याला म्हणायचो, तू माझा धंदा बुडवणार. नवस तुझा एकट्याचा, मग यांनी कशाला? तो म्हणायचा, त्यांचं प्रेम आहे दादा. असेल. पण नवस कशाचा होता हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, दाढी म्हणजेच विश्वास.

मग हे दुखणं आलं. पहिल्यांदा सगळंच बंद होतं, तेव्हा भांडण नव्हतं. नंतर सरकारने सांगितलं, देवळं उघडा, ज्याची त्याची मर्जी. दुखणं कुठे गेलं नव्हतं, नुसती बंदी गेली होती. आमच्या चर्चच्या पाळकांनी देवळाबाहेरच्या पायरीवर उभं राहून सांगितलं, दार उघडायला आपण मोकळे आहोत, तसे बंद ठेवायला पण मोकळे आहोत, आणि आपल्यात म्हातारी माणसं जास्त आहेत, तेव्हा अजून थोडे दिवस बंद. मागून कुणीतरी भित्रे म्हणून ओरडलं. पाळक म्हणाले, असेन, आणि आत गेले. मला ते आवडलं. मी मागच्या बाकावर बसणारा माणूस, उपदेश चालू असताना डुलकी काढणारा. पण तेवढं मला कळलं.

तुझ्या बापाने हॉल उघडला. प्रभूने आपल्याला मोकळं केलंय, आता आपल्याला कोंडणारं कोण, असं म्हणाला. टायरवाल्याने गाण्याच्या आवाजाची तक्रार केली, तर खिडक्या लावून घेतल्या. तुझी काकू तिथे गायला गेली. देवळात गाणं बंद होतं आणि तिला गाण्याशिवाय करमत नव्हतं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही नको म्हणायचं आणि मी जायचं, हे काय आजचं आहे का? चपला घालून निघाली पण. येताना खूश होती, भांडी घासताना गुणगुणत होती.

पुढचं तुला माहीत आहे. आधी ती पडली, मग मी. तिला एका वॉर्डात नेलं, मला दुसऱ्या. मी उठलो. घरी आलो तर तिची भांडी पालथी घातलेली तशीच, आणि तिला पुरून झालेलं. पुरताना कोण होतं ते मी विचारलं नाही. तुझा बाप दारात आला होता. मी दार उघडलं नाही. तो बराच वेळ उभा होता, जिन्यात त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता.

मग मी असा रिकामा झालो. दुकान बंद, घरात कुणी नाही, आणि डॉक्टर म्हणाला, तुम्हाला होऊन गेलंय, काही महिने तरी तुम्हाला भीती कमी. त्याच हॉस्पिटलची मोठी सिस्टर माझ्याकडे तिच्या नवऱ्याला घेऊन यायची केस कापायला. तिने निरोप धाडला. ऑक्सिजनचा मास्क दाढीवर घट्ट बसत नाही, कडेने हवा निघून जाते, माणूस गुदमरतो. सिस्टरच दाढ्या करत होत्या, पण त्यांना दम घ्यायला वेळ नव्हता, घाईत माणसं कापली जात होती. याल का? नाही म्हणायला तुम्ही मोकळे आहात, तुम्हाला बांधलेलं काही नाही. हे तिने दोनदा सांगितलं. मी म्हटलं, वस्तरा घेऊन येऊ की तुमच्याकडे आहे?

तिथे मशीन चालवता येत नाही, ऑक्सिजन असतो, ठिणगी पडली तर संपलं. आधी कात्री, मग वस्तरा. माणसाच्या नाकात नळी ठेवायची, मास्क काढायचा आणि हात चालवायचा. झग्यात घाम, काचेवर वाफ. दुकानात आम्ही गप्पा मारतो, तिथे गप्पा नाहीत. नुसते डोळे बघतात. प्रत्येकाच्या आधी मी म्हणायचो, प्रभू, हात हलू देऊ नको. तेवढीच माझी प्रार्थना. तुमच्यासारखी लांबलचक मला येत नाही. कितीक जण सकाळी गुळगुळीत केले आणि दुसऱ्या दिवशी खाट रिकामी. दाढी केलेलं तोंड घेऊन गेले, एवढंच.

आणि मग तुझा बाप आला. त्याच्या मागोमाग त्याच्या सभेतले. एका ओळीत खाटा. ड्रायव्हर, गिटारवाला, आणखी दोघं. मोठी सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, ते तुमचे भाऊ ना? दाढीला हात लावू देत नाहीत. आणि ते देत नाहीत म्हणून बाकीचे पण देत नाहीत. मी म्हटलं, मग राहू दे. खोटं सांगत नाही, असंच म्हटलं. तुझी काकू जाऊन किती दिवस झाले होते? तिच्या उशीचा वास पण गेला नव्हता. मी दुसऱ्या टोकाच्या खाटांकडे गेलो आणि माझं काम केलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर गिटारवाल्याचा मास्क फुसफुसत होता. लांबून ऐकू येत होतं. पोरगं विशी-पंचविशीतलं. सिस्टर त्याला म्हणत होती, काढू दे रे बाबा, उगवेल परत. तो मान हलवून तुझ्या बापाच्या खाटेकडे बोट दाखवत होता. डॉक्टरीण तुझ्या बापाजवळ उभी होती. त्याने तिला काहीतरी विचारलं, दम लागत लागत. ती म्हणाली, तुमच्या बाबतीत आता फारसा फरक पडणार नाही, उशीर झालाय. त्यांच्या बाबतीत पडेल. अशी सरळ बोलली. मला ती बाई आवडली.

धाकट्याने तोंड वळवलं आणि वॉर्डभर नजर फिरवली. सगळे झगे सारखेच, पण त्याने मला बरोबर ओळखलं. चालण्यावरून ओळखलं असेल, माझा पाय ओढतो. त्याने स्वतःची हनुवटी वर केली. गिऱ्हाईक करतं तशी. लहानपणापासून माझ्यापुढे करायचा तशी.

मी गेलो. काडी, त्या मानेवर माझा वस्तरा होता. दुकानात रोज कुणाच्या ना कुणाच्या मानेवर असतो, त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी वाटलं. हात थांबला. सिस्टर म्हणाली, काका, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, साबण वाळतोय, बाजूला व्हा. आणि केली. कात्रीने कापताना पांढऱ्या बटा त्याच्या छातीवर पडत होत्या, त्या तो बोटांनी चाचपत होता. खाली आमच्या बापाची हनुवटी निघाली, मधोमध खळी असलेली. अगदी तशीच. कुठे कापलं नाही. माफ केलं का ते मला विचारू नकोस. मी दाढी केली.

झाल्यावर त्याने खुणेने सांगितलं, मला वळवा. सिस्टरनी त्याला कुशीवर केला, त्या चौघांकडे तोंड करून. तो त्यांच्याकडे बघत राहिला, त्यांना बघू देत राहिला. सभेत एवढा बोलणारा माणूस, एक शब्द नाही. ड्रायव्हर रडायला लागला आणि त्याने आपली हनुवटी वर केली. मग गिटारवाला, मग उरलेले दोघं. मी एकामागोमाग एक केले. गिटारवाला गेला, त्या दोघांतला एक गेला. दुसऱ्याला त्याची मुलगी घरी घेऊन गेली. ड्रायव्हर घरी आहे, त्याला विचार. तो तुझ्या रविवारी येणार नाही, हे पण विचार, का येणार नाही ते.

तू म्हणतोस बाप वाकला नाही. अरे, वाकला. तुझ्या जिवासाठी ठेवलेली दाढी त्याने चार परक्या जिवांसाठी काढली, त्याला स्वतःला काही मिळणार नव्हतं तरी. त्याने केलेल्या उपदेशांतला मला एवढाच एक कळला. हॉलमध्ये जे केलं ते त्याने भरून निघत नाही. माझी बायको परत येत नाही. पण जे झालं ते झालं, त्याचं तू उलटं करू नकोस. आणि तुझी आई. तिला साखर आहे, तिला हे दुखणं अजून झालेलं नाही. तू हॉल उघडलास तर ती येणार, नवऱ्याची सभा आहे, पोरगा बोलणार आहे. ती तुला नको म्हणणार नाही, तिला तुला कधी नको म्हणता आलंच नाही. पहिल्या रांगेत, खिडक्या लावून, तिच्याभोवती सगळे गळा काढून गाणार. मी तिच्या शेजारी बसू म्हणतोस? मी एकदा घरी येऊन पालथी भांडी बघितलीत.

हे सगळं लिहिलं ते एका निरोपासाठी. मास्क परत लावायच्या आधी तुझ्या बापाने माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता तुझ्या काकूचं काही बोलेल. बोलला नाही, तेवढा दम नव्हता, की तेवढी हिंमत नव्हती. म्हणाला, 'हे म्हणतील, जबरदस्तीने काढली. काडीला सांग, मी काढली.' एवढंच. मग मास्क लावला, आणि तो घट्ट बसला. निरोप पोचवला. हॉल बंद ठेवायचा की उघडायचा, तू मोकळा आहेस. आईला मात्र आजच फोन कर, आणि प्रार्थनेआधी बोल. रविवारी मी दुकानात आहे. याउपर मला काही विचारू नकोस. दोन शब्द नाहीत, एक पण नाही. मी सांगणार नाही.

तुझाच, तुझ्या बापाचा दादा