नारिंगी उजेडातली माणसं

५ जानेवारी
अंजूरला पोचले! रिक्षावाल्याला प्रयोगशाळा म्हटलं, तर तो विचारतो, कौनसा गोडाऊन? खरंच गोडाऊन आहे. एका बाजूला टाइल्स, दुसऱ्या बाजूला कापडाचे तागे आणि मधल्या पत्र्याआड माधवी मॅडमची लॅब. एमएस्सीला लेसर हाताळायला त्यांनीच शिकवलं, आता कामालाही त्यांनीच बोलावलं. आज दारातच मला मिठी मारली. आईला फोन करून म्हणाल्या, तनया आता माझी जबाबदारी.

८ जानेवारी
धनेश नावाचा तंत्रज्ञ सगळं समजावून सांगतो. नळीतून रेणूंचा झोत सुटतो, समोरून त्यावर नारिंगी लेसर. प्रकाशाचा एकेक कण रेणूला इवलासा धक्का देतो. असे हजारो धक्के खाल्ले की सुसाट धावणारा रेणू रांगायला लागतो. वेग गेला की ऊबही गेली. पण रेणू द्वाड. मध्येच थरथरतो आणि प्रकाश घेईनासा होतो. मग दुसरा लेसर त्याला वठणीवर आणतो. धनेश फार सावकाश बोलतो. स्वभाव असेल.

१४ जानेवारी
संक्रांत. धनेशला तिळगूळ दिला. त्याचा हात बर्फासारखा गार. लाडू त्याच्या तोंडापर्यंत जाईतो माझा चहा संपला. झाडलोट करणाऱ्या गोदूबाई लेसरच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “त्या उजेडात माणूस गार होतंय, बाय. जाऊ नको.” मॅडमना सांगितलं तर हसल्या. असला लेसर माणसाला थंड करतो होय? मीही हसले. शास्त्रात बसतच नाही ते.
पण मॅडम स्वतः कधी आत येत नाहीत. काचेपलीकडून सूचना देतात.

२० जानेवारी
धनेश दिसत नाही. मॅडम म्हणतात, सुट्टीवर गेलाय, अकलोलीला घरी. त्याची चप्पल दाराशीच आहे. गोदूबाई चपलेकडे बघून पुटपुटल्या — न्हाय गेला.

२२ जानेवारी
पेन जड वाटतंय. सकाळी आरशात माझी पापणी हळूहळू मिटताना दिसली. मिटताना. मला.

२३ जानेवारी
लेसरच्या खोलीतल्या काळ्या पडद्यामागे धनेश आहे. उभा. अंगावर नारिंगी उजेड. जिवंत — बुबुळं माझ्याकडे सरकत होती. ओठ हलत होते. थांबले. खूप वेळाने एकच शब्द निघाला — जा.
पळाले नाही. आधी मॅडमना सांगायला धावले. मॅडमच ना त्या.

त्याच दिवशी
त्यांनी नाकारलं नाही. म्हणाल्या, रेणू थांबवून कुणाचं भलं होणार? माणूस थांबवता आला तर त्याचं मरणही थांबेल. धनेशवर जमत आलंय. विचारलं, मग मला का बोलावलंत? माझे केस सारखे करत म्हणाल्या, “तुझा माझ्यावर विश्वास आहे ना, बाळ. विश्वास असलेलं माणूस सांगू तिथे उभं राहतं.”
बॅग घ्यायला लेसरच्या खोलीत आले. मागून कडी लागली.

२४ — की २५
दार ठोकलं. एकदा. दुसऱ्यांदा हात उचललाय, तो अजून —
आईचा फोन वाजतोय. टेबलावर. तिकडे निघाले. बंद झाला. परत वाजतोय. मॅडम काचेतून बघताहेत. त्यांनी स्वतःच्या फोनवर आईला सांगितलं, तनया मजेत आहे, कामात आहे —
खोटं. आई, खोटं —
ओरडायला तोंड उघडलंय. आवाज अजून