फुलबॅकचा जबडा

जालंधर, फेब्रुवारी १९७२

ती. रतनअक्कास भीमाचा दंडवत.

आईला सांग, मी धडधाकट हाय. बोटं तेवढी सुजलीत.

लीगच्या सामन्यात समोरचा फुलबॅक आपल्या नगरकडचाच निघाला. म्हणाला, "काय रे, उसाचं टिपरू घेऊन शिकलास का हॉकी?" डोकं सणकलं. स्टिक सरळ तोंडावर घातली. दात गवतात पडले, जबडा मोडला. मला संघातून काढलं.

दवाखान्यात त्याचा सोबती म्हणाला, "पुढल्या महिन्यात लग्न हुतं याचं, सोनईच्या रंभाजीअण्णांच्या विमलशी." जिच्यापायी मी कॉलेज सोडलं, तीच! सुपारी फुटली हे तू लपवलंस ना?

आता त्याचं तोंड तारेनं बांधलंय. मांडवात घास कसा खाणार, नाव कसं घेणार? लग्न लांबलंय.

अक्का, तुझ्या गळ्याशपथ, मला ठाऊक नव्हतं. पण बातमी ऐकून विमल रडली का गं? खरं कळव.

तुझा माथेफिरू भाऊ,
भीमा