नुसती छाती दाबायची

१४ जून

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे. धाकटीला नवी शाळा मानवली का, ते कळवा.

काल कारखान्यात आम्हाला बळंच एका वर्गाला बसवलं. माणूस कोसळून श्वास थांबला तर काय करायचं, ते शिकायला. दादा गेल्यावर आठ महिन्यांनी साहेबांना जाग आली. बैल गेला अन् झोपा केला!

डबे खायच्या खोलीत फरशीवर रबरी पुतळा. हात-पाय नाहीत, तोंड तेवढं उघडं. वीस जणांनी त्याच तोंडाला तोंड लावायचं. माझ्या आधी पॅकिंगवाला जाड्या, सदा तंबाखू चघळणारा. वर्ग घेणाऱ्या नर्सबाईंनी औषधाच्या बोळ्याने पुसलं, तरी मला त्याची लाळच दिसत होती.

"मला नाही जमणार," मी म्हणालो.

"किळस येते? मग नका लावू तोंड," बाई म्हणाल्या. "आधी फोन करून दवाखान्याची गाडी बोलवायची आणि नुसती छाती दाबायची. मधोमध, जोरात, न थांबता. तेवढ्यानेही मोठं माणूस तगू शकतं."

वहिनी, मी ते बाईंकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

मी पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं, असं तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं आहे. दादा माझ्यासमोर पडला, कारखान्यातल्या हात धुवायच्या खोलीत. उलटी झाली होती, तोंडभर, शर्टभर. तोंडाने श्वास द्यावा लागतो, एवढंच मला ऐकून माहीत होतं. वाकलोही. वास आला आणि मागे सरलो. सख्ख्या भावाची शिसारी आली मला! नाकाला रुमाल लावून दारातून ओरडत राहिलो. माणसं यायला पाच मिनिटं लागली.

काल घाम फुटेस्तोवर पुतळ्याची छाती दाबली. बाई म्हणाल्या, "शाबास!" त्यापेक्षा अंगावर थुंकल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर विचारलं, "दाबली असती तर वाचला असता का हो?"

"सांगता येत नाही. कोणाचं विचारताय?"

ते बाईंच्या आधी तुम्हाला सांगायला हवं होतं.

माहेरी जाताना दादाचे शर्ट तुम्ही मला दिलेत. आठ महिने मी ते अंगावर मिरवले. आता स्वतःच्याच अंगाची घाण वाटते. शर्ट धुऊन पाठवतो आहे. तुम्ही बोलावलंत तर येईन. चार शिव्या द्यायला बोलावलंत, तरी येईन.

दादापासून चार पावलांवर उभा राहिलेला,
तुमचा दीर