नायक मेला नाही, त्याबद्दल

मी, रेणू जानराव खोब्रागडे, वय सेहेचाळीस, राहणार रिसाली, भिलाई, हथखोजच्या एका कारखान्यात लिपिक, शुद्धीवर असताना व कुणाच्या दडपणाशिवाय हे लिहिते. दडपण आईचे आहे, पण ते न लिहिण्याचे. "पित्ताच्या खड्याच्या आपरेशनले कोनी मृत्युपत्र लिहिते का वो? कावून असं वंगाळ करून राहिली?" शस्त्रक्रिया गुरुवारी आहे. डॉक्टर तिला किरकोळ म्हणतात. त्यांच्यासाठी असेल.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा व बँकेतली ठेव आई भागीरथा हिला. वरची खोली तिने माझा भाऊ सुगत याला देऊ नये. तो पुन्हा व्यायामाची यंत्रे आणेल आणि त्यांवर टॉवेल वाळवेल.

२. स्कूटर भाची खुशबूला. आधी ब्रेक दुरुस्त करावेत. ही अट आहे, सूचना नव्हे.

३. 'ढेउघर' या इथल्या बंगाली नाट्यसंस्थेत मी बावीस वर्षे प्रॉम्प्टर आहे. दिग्दर्शक निरुपम बागची, आमचे बागचीदा, यांच्या मते बंगाली माणूस विंगेत बसवला की तो तिथूनच अभिनय करू लागतो, म्हणून मी. माझे स्टूल व टॉर्च पुढच्या प्रॉम्प्टरला. संस्थेच्या समूहचित्रात माझे फक्त कोपर आले आहे. फोटोग्राफरला काही नाही.

४. माझ्या रोजनिशीची २००७ची वही. आमचे नट प्लँटच्या शिफ्टमधून थेट येतात. पाठांतर कुणाचेच नसते. विंगेतून येईल ते बोलतात. त्या वर्षी दुर्गापूजेच्या प्रयोगात रसगुल्ल्याच्या पाकाने संहितेची पाने चिकटली व मी ती एकदम उलटली. नायकाच्या मृत्यूचा प्रवेशच गळला. पुढच्या प्रवेशात घरचे त्याच्या नावाने रडत होते आणि तो शेजारी बसून चहा पीत होता. वर्तमानपत्राने लिहिले, 'मृत्यूकडे पाहण्याची धाडसी दृष्टी.' तोवर आम्ही सासू-सुनेची नाटके करत होतो. तेव्हापासून प्रायोगिक झालो. एक नाटक प्रेक्षकांकडे पाठ करून केले, एक कुम्हारीच्या बसथांब्यावर. तिथे लोकांनी नायिकेला रायपूरची बस विचारली.

आता संस्थेचा इतिहास छापला जात आहे. त्यात मृत्यूचा प्रवेश गाळण्याची कल्पना बागचीदांची म्हटली आहे. खरे काय ते फक्त या वहीत आहे. वही बागचीदांना; छापावी की जाळावी, त्यांनी ठरवावे. मेल्यावर खरे सांगणे हा प्रामाणिकपणा की भित्रेपणा, हे मला ठरवता आलेले नाही.

५. (आज जोडले.) साक्षीदार म्हणून बागचीदांना बोलावले. साक्षीदाराने फक्त सही करायची असते. त्यांनी सगळे वाचले.

"अरे रेणू, उस दिन मरना तो मुझे ही था! मुझे पता नहीं चलेगा?"

नायक तेच होते.

"फिर दादा, आपने कहा क्यों नहीं?"

"तू रोने लगती. अगले शो में प्रॉम्प्ट कौन करता?" मग कान खाजवत, "और... तारीफ भी अच्छी लगी थी."

मी म्हटले, वही आजच न्या, साक्षीदार दुसरा बघते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले आहे. त्यांनी वही हातात घेतली. मग ती टेबलावर ठेवली आणि पेन मागितले.

सबब कलम ४ मधून त्यांचे नाव कमी केले आहे. वही इतिहास छापणाऱ्या समितीला, आणि आजच.

ठिकाण: रिसाली, भिलाई
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५
(सही) रेणू जानराव खोब्रागडे

आमच्यासमक्ष सही केली:
१. धम्मपाल रामटेके, शेजारी
२. निरुपम बागची, सदर प्रयोगातील नायक. मेलो नव्हतो.