लाँचवाल्याची खुर्ची

दि. ३ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा दुखत असताना माडीचे जिने चढू नकोस असं मी कळवलं, तर तू वहिनीला म्हणालीस म्हणे, मास्तरीणबाईंनी हुकूम शाळेत सोडावेत. बरं, नाही सोडत.

इथे वीस तारखेची तयारी चालू आहे. लाँच बुडाली त्या तारखेला शाळेच्या पटांगणात, तिच्याबरोबर बुडालेल्या प्रत्येक माणसाची एक रिकामी खुर्ची मांडतात आणि तिच्यामागे तिसरीतलं एक मूल उभं राहतं, हे तू दरवर्षी बघतेसच. आजवर मुलं नाव नि वय घोकून म्हणायची आणि जांभया द्यायची. आनंदाचे दिवस मुलांना शिकवावे लागत नाहीत, आठवणीचे शिकवावे लागतात. म्हणून यंदा तिसरीचा वर्ग माझ्याकडे आल्यावर मी नियम केला, की मुलाने त्या माणसाची एक साधी सवय विचारून आणायची. ‘थोर होते, प्रेमळ होते’ चालणार नाही. सवय आणली तरच खुर्ची. आई, पोरं काय काय घेऊन आली! शिंपीकाका म्हणे तोंडात टाचण्या धरूनच गिऱ्हाइकाशी भांडायचे. बाबांची सवय मीच सांगितली, तुझ्याकडून ऐकलेली, पेपर शेवटच्या पानापासून वाचायची.

आता मुद्द्याचं. वर्गात एक मुलगी आहे. एका जागी बसत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. लाँच चालवणाऱ्याची ती नात. काल तिने भर वर्गात विचारलं, की माझे आजोबाही त्याच लाँचवर बुडाले, तर त्यांची खुर्ची कुठे आहे? सवय आण, खुर्ची मांडू, असं मी बोलून गेले. नियम माझाच, तो तिच्यापुरता कसा मोडू?

तू रागावशील, म्हणून आधीच कळवते आहे. दादा-वहिनींना नमस्कार. राग आला तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
ठमी


दि. ७ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

गुडघा बरा आहे, डोकं तेवढं फिरलंय.

वारा सुटला होता. काठावरची माणसं नको नको म्हणत होती, तरी त्याने लाँच सोडली. चौकशीतही तेच निघालं. स्वतः बुडाला म्हणून काय झालं, भरलेली लाँच घेऊन बुडाला. आणि त्याची खुर्ची तुझ्या बाबांच्या खुर्चीच्या ओळीत मांडणार? तू तेव्हा पाळण्यात होतीस. तुला सगळं ऐकून ठाऊक. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाई.

मुलीवर माझा राग नाही. एवढंसं पोर, तिचा काय दोष? पण तिच्या हाती कबुली देऊन बसणारी तू मोठी शहाणी. मुलांना शिकवता शिकवता आता आम्हालाही शिकवायला निघालीस. त्याची खुर्ची मांडायची असेल तर तुझ्या बाबांची काढून ठेव. मीही येणार नाही. दादाचंही हेच मत आहे, म्हणजे मी बोलले आणि त्याने मान हलवली.

थंडी पडू लागली आहे, कान बांधून शाळेत जा. प्रकृतीला जप आणि उलटटपाली शहाणपणाचं उत्तर लिही.

तुझी,
आई


दि. १२ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शहाणपणाचं उत्तर जमत नाही, खरं ते लिहिते.

बातमी गावभर झाली. सोमवारी खुर्च्यांच्या घरची माणसं शाळेत आली. शिंपीकाकांचा मुलगा सगळ्यांच्या वतीने बोलला, की ती खुर्ची दिसली तर आम्ही उठून जाऊ आणि पुन्हा या फाटकातून आत येणार नाही. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून सांगितलं, की सवय मिळाली नाही तर नियमाप्रमाणे प्रश्न आपोआप मिटतो, आणि मिटलेलाच बरा. अठरा तारखेपर्यंत त्या वाट बघतील.

सवय मिळणार कुठून? घरात त्या माणसाचा फोटोसुद्धा नाही. भिंगरीने बापाला विचारलं, तर तो भरल्या ताटावरून उठला. त्याला तरी काय आठवणार, तेव्हा तो रांगत होता. आजी केव्हाच वारली. मग पोरगी एकटीच दारोदार हिंडली. एका दारात कुणीतरी तिला म्हणालं, की तुझ्या आजोबांना माणसं बुडवायची सवय होती. तिने ते जसंच्या तसं मला येऊन सांगितलं आणि विचारलं, की बाई, ही चालेल का?

मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. तेव्हापासून ती बाकावर एका जागी बसून असते. मला ती उड्या मारणारी पोर परत हवी आहे, आई.

लग्नानंतर तू रोज त्या लाँचने पलीकडे शिवणवर्गाला जायचीस. त्याला माफ कर असं मी म्हणत नाही, मला तो अधिकार नाही. फक्त एक सवय सांग. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

रागाने का होईना, दोन ओळी पाठव.

तुझी,
ठमी


दि. १५ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून आई जेवायला बसते आणि दोन घास खाऊन उठते. काही विचारलं तर अंगावर येते. बुजलेली जखम कशाला उकरतेस? तुझ्या शाळेपायी ती आजारी पडायला नको. वीस तारखेला मी तिला आणणार नाही, हे पक्कं समज.

मुलांचे पेपर तपासताना डोळे सांभाळ. बाकी तुझ्यावर माझी माया आहे ती आहेच.

तुझा,
दादा


दि. १६ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

दादाला न सांगता लिहिते आहे. वहिनीने पत्र टाकायचं कबूल केलंय. ती दिसते तेवढी गरीब नाही.

त्या पोरीने ‘ही चालेल का’ असं विचारलं, हे वाचल्यापासून अन्न गोड लागेना. तिला तसं बोलणारं तोंड कुणाचं, ते मला कळवू नकोस. गेल्या आठवड्यात ते माझंही असू शकलं असतं.

तर लिहून घे. तुझ्या वेळी मला दिवस गेले होते. लाँच हलली की पोटात ढवळायचं. मी कठड्याशी वाकले, की तो मोठमोठ्याने गायला लागायचा. आवाज असा, की माणसं कानांवर हात ठेवायची, त्याला नावं ठेवायची, हसायची. मलाही वाटे, हा मेला आत्ताच का गातो? पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं, की मी वाकल्याशिवाय तो कधीच गात नाही. माझं ओकणं भरल्या लाँचमध्ये कुणाला ऐकू जाऊ नये, म्हणून तो स्वतःचं हसं करून घेत होता. मी कधी काही बोलले नाही, त्यानेही कधी माझ्याकडे पाहिलं नाही.

पोरीला एवढंच म्हणू दे, की माझे आजोबा फार बेसूर गायचे आणि मुद्दाम गायचे. कुणासाठी ते विचारलं, तर माझ्याकडे बोट दाखव.

त्याने त्या दिवशी लाँच सोडायला नको होती, हे मी मरेपर्यंत म्हणणार. तुझ्या बाबांची खुर्ची मात्र काढू नकोस. त्याची त्याच ओळीत मांड.

मी वीसला सकाळच्या गाडीने येते. दादा न आला तर वहिनी येईल सोबत. पुढच्या रांगेत मला बसवू नकोस, माझी खुर्ची फाटकाच्या तोंडाशी टाक. ज्यांना उठून जायचं असेल, त्यांनी माझ्यासमोरून जावं.

लोभ आहेच, तो काय मागून घ्यायचा.

तुझी,
आई