मूळ फाइल

११ मार्च
नारायण पेठेत प्रिंटवाल्या शेखभाईंकडे पेनड्राइव्ह देऊन आलो. प्रदर्शनाचे सगळे फोटो त्यात. लोणी काळभोरच्या नर्सरीत हिवाळाभर काढलेले. हिरव्या जाळीतून गाळून आलेलं ऊन, आत रोपांना पाणी घालणाऱ्या बायका. तळ्याच्या तळाशी चालल्यासारख्या. प्रिंट मोठे हवेत म्हटलं.
मीराला सांगितलं, एवढं प्रदर्शन होऊ दे. नाही झालं तर पेपरात परत जाईन, डेस्कवर.
"मी काही म्हटलं का?"
काही म्हणत नाही, तेच तर.

१२ मार्च
शेखभाईंचा फोन. "साहेब, एवढ्याशा फायली? भिंतीवर लावायचेत की आयकार्डावर?" मूळ फायली आणा म्हणाले.
दिवसभर शोधल्या. नाहीत.
डेस्कवर इतकी वर्षं हेच केलं. आलेला फोटो कॉलमात बसेल एवढा कापायचा, हलका करायचा, त्याच नावाने सेव्ह. पान वेळेवर सुटायचं. मूळ फाइल फोटोग्राफरकडे असायचीच.
हिवाळाभर माझ्या फोटोंचंही सवयीने तेच केलं. इथे फोटोग्राफर मीच. आणि कॅमेऱ्यातलं कार्ड तर दर वेळी पुसून पुन्हा...

१४ मार्च
कोथरूडला गेलो, गॅलरीच्या बाईंना खरं ते सांगितलं. लहान प्रिंट लावू का?
"अहो, भिंत बघा आमची. लोक फोटो शोधत फिरतील." परवा संध्याकाळपर्यंत नवे पाठवा, नाहीतर तारीख दुसऱ्याला देते. बोलल्या मात्र गोड.
घरी आलो तर संपादकांचा मेसेज. डेस्कवरची जागा अजून भरलेली नाही, परवापर्यंत काय ते कळव.
मीराने वाचला. पोळ्या लाटत राहिली.

१५ मार्च
सकाळीच लोणी. जाळी बदललीय, नवी काळी. ऊन आत्ताच डोक्यावर. हौसाबाई पाइप धरून उभ्या. हिवाळ्यातल्या बऱ्याच फोटोंत त्याच होत्या.
"परत? आमी काय बदललो न्हाय, दादा. ऊन तेवढं वाढलंय."
जरा तिथेच थांबा म्हटलं.
"थांबते की. रोपांना सांगा तुमीच."
दुपारपर्यंत काढले. सगळं स्वच्छ, सगळं धारदार. नर्सरीची जाहिरात करावी तर उत्तम. ते ऊन नाही. आता पुढच्या हिवाळ्यापर्यंत, आणि तेव्हा तरी...

१६ मार्च
मीराला लॅपटॉपवर कालचे दाखवले. काही सांगितलं नाही. चष्मा लावून एकेक नीट पाहिला तिने.
"सापडले म्हणजे! बरं झालं बाई."
हे कालचे, म्हटलं.
"हो? मला ते हिवाळ्यातलेच वाटले." मग माझ्याकडे बघून, "अहो, छान आहेत म्हणून म्हटलं."
हिवाळ्यातला एकेक फोटो तिला दाखवला होता. याच टेबलावर.
दोन मेल लिहून ठेवलेत, एक गॅलरीला, कालचे फोटो जोडून, एक संपादकांना, येतो म्हणून. दोन्ही पुन्हा वाचले. चूक नाही. पाठवायचा एकच आहे. पाच वाजत आलेत.