बाबांच्या वजनाचं गाठोडं

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार घालायचा तर आडवं व्हावं लागतं, आणि सध्या मी आडवा झालो की मला उठवायला माणूस लागतो. म्हणून हा नमस्कार भिंतीला टेकून, उभ्यानंच केला आहे असं समज. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो, इकडे सगळं ठीक आहे. (पुढचं वाचताना हे वाक्य विसरून जावं.)

बाबा अंथरुणाला खिळल्यापासून त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं काम माझ्याकडे आलं, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. आता माझा धंदा घड्याळं दुरुस्त करायचा. आयुष्यात उचललेलं सर्वांत जड हत्यार म्हणजे चिमटा. दवाखान्यात माणूस उचलायला पट्टे असतात, चाकं लावलेला झोपाळा असतो. घरी मी असतो. तिथल्या व्यायामाच्या बाईंनी मला बाबांना उचलताना एकदाच पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाल्या, आधी वजन उचलायला शिका, नाहीतर एका घरात दोन पेशंट होतील. म्हणून मी मागच्या गल्लीतल्या जिममध्ये गेलो, तर मालकाने गाशा गुंडाळलेला. यंत्रं, बाकं, लोखंड सगळं विकून झालेलं, भिंतीवर तेवढे आरसे उरलेले. त्यांत मी स्वतःला चारी बाजूंनी पाहून घेतलं आणि घरी आलो. (पाहण्यासारखं काही नव्हतं.)

बाई म्हणाल्या, यंत्रावाचून अडत नाही. बाबांच्या वजनाचं गाठोडं करा आणि त्यावर सराव करा. पाठीने उचलायचं नाही, गुडघ्यात वाकून पायांच्या जोरावर उचलायचं. ओझं अंगाशी धरायचं. उचलल्यावर कमरेत वळायचं नाही. खाली गादी टाकायची. आणि एकट्याने तर मुळीच नाही, शेजारी माणूस उभा हवा. मग सौ.ने जुन्या गादीच्या खोळीत वाळूच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि दवाखान्याच्या काट्यावर बाबांचं जेवढं वजन भरलं होतं, तेवढं गाठोडं शिवून दिलं. धरायला काखा हव्यात म्हणून त्याला बाबांचा जुना सदरा आणि पायजमा चढवला. इथे आमचं चुकलं.

बाबांना मात्र करमणूक झाली. दुकानात मी जोडलेलं प्रत्येक घड्याळ पुन्हा उघडून पाहणारा माणूस तो. आता पलंगावरून सूचना सुरू झाल्या. "अरे, मान सांभाळ माझी!" आणि रोज एकदा तरी, "मी एवढा जड नाही रे आता." आम्ही म्हणायचो, म्हातारपणी माणसाला सडपातळ दिसायची हौस येते.

एका दुपारी गाठोड्यातली वाळू पायजम्याच्या एका पायात उतरली, गाठोडं हातातून निसटलं आणि तोंडावर आपटलं. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू आमचं पातेलं परत द्यायला दारात आल्या होत्या. त्यांनी सदरा ओळखला. काकूंनी फोडलेला हंबरडा तुझ्यापर्यंत कसा पोचला नाही याचंच नवल आहे. पाहता पाहता जिना माणसांनी भरला. औषधवाल्याने शटर अर्धं खाली ओढलं. शिंपी डोळे पुसत बाहेरच्या खोलीत सांगत होता की बाजारात असा हात पुन्हा होणे नाही, बंद घड्याळ नुसतं त्यांच्या टेबलावर ठेवलं तरी चालू व्हायचं. आतल्या खोलीत पडून बाबांनी हे सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग हाक मारली, "चहा टाका गं कुणीतरी, माणसं ताटकळलीत." शिंप्याची बोबडी वळली, ती अजून पुरती सरळ झालेली नाही.

त्या दिवसापासून बाबांनी एकच धोशा लावला आहे. एकदा खाली दुकानात नेऊन त्यांच्या टेबलाशी बसवायचं. बस, एकदाच.

म्हणून मी सराव वाढवला. गाठोडं झोकात उचलू लागलो तेव्हा प्रत्यक्ष बाबांना हात घातला. गुडघे वाकवले, अंगाशी धरलं, सगळा जोर लावला आणि बाबा इतके सहज वर आले की मी त्यांच्यासकट मागे जाऊन कपाटावर आदळलो. बाबा माझ्या छातीवर, अगदी सुखरूप, खो खो हसत होते. माझी कंबर गेली. मीही हसलो असतो, पण त्यांची बरगडी न् बरगडी मला टोचत होती. गाठोडं जुन्याच वजनाचं राहिलं होतं, दादा. बाबा राहिले नव्हते.

तेव्हापासून आम्ही गाठोडं हलकं करत आणतो. लोक व्यायामात वजन वाढवत नेतात, आमच्याकडे काढत नेतात. सौ. खोळीतून बाटली काढते आणि पाणी कुंडीत ओतते. मला फार वाईट वाटतं.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. (हे दोन्ही न वाकता देता येतं.)

तुझा धाकटा,
चिमट्या

ता. क. तू तरुणपणी वजनं उचलायचास, तेव्हाचा चामडी पट्टा माळ्यावर पडला असेल तर पाठव. बाबांना धरायला उपयोगी पडेल.

आणखी ता. क. पट्टा राहू दे. बाबांना तो दोनदा गुंडाळला तरी सैल होईल. तूच ये. तुझी रजा, तुझा साहेब, सगळं मला कळतं. पण बाई बजावून गेल्यात की जिन्यावर दोन माणसं हवीतच, आणि तू आलास की खाली नेतो, असं सांगून मी बाबांना थोपवून धरलं आहे. फार वेळ लावू नकोस. आज सकाळी सौ.ने आणखी एक बाटली काढली, आणि ह्या मोडक्या कमरेनं ते गाठोडं घेऊन मी एकटाच जिना उतरलो आणि परत वर आलो.